पितळी झाकण

नागापूर,
६ नोव्हेंबर १९९४

भारतीस सप्रेम जयभीम.

आधी बसून घे. ड्यूटीवर असशील तर हे पत्र घरी जाऊन वाच, कारण तुझ्या हातात सुई असताना मला कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

मी गाडी घेतली. मोटारसायकल नव्हे, चारचाकी. आणि चारचाकी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जी कुठली आली असेल, ती नव्हे. मर्सिडीज. हसून झालं की पुढे वाच.

नेवाशाला उत्तमराव म्हणून एक रिटायर ठेकेदार आहेत. त्यांच्या गोठ्यात ही सात वर्षं दगडांवर उभी होती. वीस वर्षांची आहे, डिझेलवर चालते, रंग मुळात पांढरा होता असं म्हणतात. आधी मुंबईत कुठल्याशा परदेशी साहेबाकडे होती, मग एका कारखान्याच्या चेअरमनकडे, मग उत्तमरावांकडे आणि शेवटी कोंबड्यांकडे. मागच्या सीटवर मला सहा अंडी मिळाली, त्यातली चार चांगली निघाली. भंगारवाला तिला तोडायला येणार होता. मी आडवा पडलो. आईबापांनी माझं नाव श्रीमंत ठेवलं ते आता कुठे खरं झालं, एवढंच, की ते फक्त गाडीपुरतं झालं.

आपला बन्सी मेकॅनिक बॅटरी घेऊन आला होता. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं आणि ती नेवाशाहून नगरला, थेट नागापूरपर्यंत एकदाही न थांबता आली. सात वर्षं झोपलेलं इंजिन. मी पूर्ण रस्ताभर जर्मन लोकांबद्दल बोलत होतो. बन्सी म्हणाला, "भाऊ, पुढं बघा."

फक्त एक गोष्ट मला बघवेना. डिझेलच्या टाकीला झाकण नव्हतं. उत्तमरावांनी तिथे जुन्या धोतराचा बोळा कोंबला होता. जर्मन गाडीच्या तोंडात धोतर. मी टूलरूमच्या साहेबांना विचारून दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेचं झाकण केलं. आत रबराची चकती, वर धरायला खाचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक नाही. बाटलीला लावून उलटं धरलं, थेंब गळला नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत इतकं सुंदर काम माझ्या हातून झालं नव्हतं.

आता तू विचारशील, हे कशासाठी. तुमच्यासाठी. जूनमध्ये तुझी खर्ड्याला बदली झाली, दीपाला घेऊन तू गेलीस, आणि मी ओव्हरटाइमच्या नावाखाली एकदाही आलो नाही. आता दर शनिवारी येईन. या महिन्याअखेर पहिली फेरी.

गाडी आपल्या खोलीपुढे उभी केली आहे. त्यामुळे दार अर्धंच उघडतं. मी आडवा होऊन आत जातो, पण मला त्याचं काही वाटत नाही.

तुझा,
श्रीमंत


खर्डा,
१५ नोव्हेंबर १९९४

श्री. मर्सिडीजवाले यांस जयभीम.

पत्र मिळालं. बसूनच वाचलं. मग दीपाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, अंड्यांचं काय केलंत.

इथलं सांगते. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळी होताच गेली. निम्म्या घरांना कुलपं आहेत. मागे म्हातारी माणसं, लेकरं आणि ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा बायका. म्हणजे माझं काम दुप्पट. गेल्या आठवड्यात चार बाळंतपणं केली, चारही सुखरूप.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, छप्पर एका कोपऱ्यात गळतं. तिथे बादली ठेवते. शेजारी कडूबाई राहतात. जूनमध्ये मी चहा पुढे केला की त्यांना उपास असायचा. आठवड्याचे सातही दिवस. मी रोज विचारत राहिले. सप्टेंबरात त्यांच्या सुनेची सुटका मी केली, बाळ आडवं होतं. आता त्या स्वतः येऊन बसतात आणि वर चहात साखर कमी आहे म्हणतात. हे मला तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं.

एक महत्त्वाचं. मला इथे वर्षापुरतं पाठवलं आहे. पुढे इथेच राहायचं की नगरला परत यायचं, ते मला तीस एप्रिलच्या आत लिहून द्यायचं आहे. दीपा जूनमध्ये पाचवीत जाईल, म्हणजे तिच्या शाळेचंही त्यातच ठरेल. माझं मन अजून ठरलेलं नाही. तुम्ही एकदा या, घर बघा, दवाखाना बघा, मग दोघं मिळून ठरवू. न बघता ठरवायचं नाही एवढंच माझं म्हणणं.

नगरहून सकाळी सातची एसटी निघते. साडेदहाला इथे येते. तिला झाकण आहे की नाही ते मी बघितलेलं नाही.

भारती


नागापूर,
११ डिसेंबर १९९४

भारतीस,

मी आलो होतो. म्हणजे निघालो होतो.

गेल्या शनिवारी दुपारी गाडी धुतली, दीपासाठी शेव-रेवडी घेतली, शर्टाला इस्त्री केली आणि निघालो. कॉलनीतली माणसं बाहेर आली होती. मी त्यांना हातही केला, लग्नातला नवरदेव करतो तसा. चिचोंडी पाटील ओलांडेपर्यंत गाडी अशी पळाली की मला वाटलं, अहमदनगर जिल्हा हिला कमी पडणार. मग चढावर तिने आचके दिले, दोन-तीनदा खोकली आणि बंद पडली.

बॉनेट उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. डिझेल संपलं का म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर 'सूंऽऽ' असा आवाज आला. खरं सांगतो, त्या परिस्थितीतही मला अभिमान वाटला. इतकं हवाबंद बसलंय. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण परत घट्ट लावलं, अर्धा तास इकडचं तिकडे केलं, किल्ली फिरवली, तर गाडी चालू. पण मन धजावेना. परत फिरलो, तर नगरच्या अलीकडे पुन्हा तेच. शेवटी एका ट्रॅक्टरने ओढून आणलं. ट्रॉलीत ऊस होता, तो खात खात मागची माणसं माझ्याकडे बघत होती.

बन्सी म्हणतो, पंप असेल. पंप खोलला आहे. शेव-रेवडी मी खाल्ली.

तीस एप्रिलचं तू लिहिलंस ते वाचलं. त्यात ठरवायचं काय आहे? वर्ष झालं की परत यायचं. गाडी तोवर तयार असेल, तुमचं सामान तिच्यातूनच आणू.

श्रीमंत


खर्डा,
१९ डिसेंबर १९९४

जयभीम.

गाडीची तब्येत कळली. दीपाला गोवर निघाला होता. सहा दिवस ताप होता, एकशे तीनपर्यंत गेला. आता उतरला आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण कळवते.

भारती


नागापूर,
२ जानेवारी १९९५

भारतीस,

तुझं कार्ड दुपारच्या जेवणाला हातात पडलं. डबा तसाच ठेवला. साहेबांकडून अर्धी रजा घेतली आणि निघालो. आता शहाणा माणूस स्टँडवर गेला असता. मी गाडीकडे गेलो. पंप नुकताच जोडला होता, मनात आलं, एसटीची वाट बघत बसण्यापेक्षा ही लवकर पोचवेल. पोरगी आजारी, बाप मर्सिडीजमधून धावत येतो, असं काहीतरी चित्र डोक्यात असणार. स्वतःची इतकी लाज मला आजवर वाटली नव्हती.

कडा गावाच्या पुढे बंद पडली. मी खाली झोपून पाइप बघत होतो, तेवढ्यात अंगावर धूळ उडाली. मान बाहेर काढून पाहिलं तर जामखेडची एसटी. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने हात केला. मीही केला. थांबवायची बुद्धी ती वळणाआड गेल्यावर झाली. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, पण तोवर दिवस कलला होता आणि सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. परत फिरलो.

यानंतर मी जे केलं ते ऐकून तुला राग येईल, पण तुझ्यापासून लपवून मला झोप लागायची नाही. डिझेलचे सगळे पाइप काढून तांब्याचे नवे टाकले. फिल्टर बदलला. नोझल पुण्याला पाठवून तपासून आणले. टाकी उतरवून रॉकेलने धुतली, तीन दिवस उन्हात वाळवली. डॅशबोर्डला सागवानी पट्टी लावली. पट्टीचा आणि बंद पडण्याचा संबंध नाही, ते मलाही कळतं.

बन्सी म्हणाला, "भाऊ, नेवाशाहून आली तवा तर लई झ्याक पळाली. तुमी हात लावला आन् बिघाडली." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

दीपा खरंच बरी आहे ना? तिला माझ्याबद्दल काय सांगतेस?

श्रीमंत


खर्डा,
१२ फेब्रुवारी १९९५

जयभीम.

उत्तराला उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं.

दीपा बरी आहे, शाळेत जाते. वर्गात पहिल्या बाकावर बसते. तिच्या बाईंना तिचं अक्षर आवडतं. तुमच्याबद्दल मी तिला खरं तेच सांगते, की पप्पा गाडी नीट करत आहेत. आता ती विचारत नाही.

डॉक्टरसाहेबांनी परवा बोलावून सांगितलं की सिस्टर, तुम्ही राहिलात तर बाळंतपणाची बाजू तुमच्याकडेच देऊ. नगरला मी बारा जणींतली एक होते. रजिस्टर भरण्यात माझे दिवस जात होते. इथे माणसं रस्त्यात थांबवून तब्येत सांगतात.

तुमच्या गाडीबद्दल एक विचारायचं आहे. काल वॉर्डात सलाईन लावताना डोक्यात आलं. टाकीचं झाकण उघडताना तो 'सूं' आवाज येतो, तेव्हा हवा आत जाते की बाहेर येते? कागदाची एक पट्टी धरून बघा आणि कळवा.

भारती


नागापूर,
२६ फेब्रुवारी १९९५

प्रिय भारती,

तू माझ्या गाडीत लक्ष घातलंस, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पत्र वाचलं त्याच रविवारी चिचोंडीच्या पुढे गेलो. ती ठरल्या जागी बंद पडली. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद झाकणापाशी धरला आणि झाकण सैल केलं. कागद फटीकडे ओढला गेला आणि चिकटून बसला. म्हणजे हवा आत जाते. जोरात जाते. तुला खात्री करायची असेल की झाकण गळत नाही ना, तर बिनघोर राहा. इतक्या वर्षांत माझ्या हातचा एक तुकडाही नापास होऊन परत आलेला नाही.

दोष कुठे आहे ते मला आता कळलं आहे. इंजिन तापतं. मी ट्रकचा मोठा रेडिएटर बसवतो आहे. तो बसत नव्हता, म्हणून पुढची जाळी अर्धा इंच पुढे घेतली. गाडी आता किंचित दात पुढे आल्यासारखी दिसते.

आणि आता ऐक. चौदा एप्रिलला मी येतोय. जयंतीच्या मिरवणुकीत आपली गाडी खर्ड्याच्या रस्त्याने जाईल, पुढे फोटो, निळे झेंडे, मागच्या सीटवर तू आणि दीपा. मी कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तू तिथल्या मंडळींना सांग. तू राहण्याचं लिहिलंस ते डॉक्टरसाहेबांचा मान राखायला लिहिलंस असं मी समजतो. समोरासमोर बोलूच.

श्रीमंत


खर्डा,
६ मार्च १९९५

जयभीम.

कागदाचं कळलं. ठीक आहे.

चौदा एप्रिलला या. मंडळींना मी गाडीचं सांगितलेलं नाही. तुम्ही येताय एवढं सांगितलं आहे.

भारती


नागापूर,
१६ एप्रिल १९९५

भारती,

कुठून सुरुवात करू? आष्टीपासून करतो, कारण तिथेच संपलं.

पहाटे निघालो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बॉनेटवर निळी रिबन. अडीच वेळा बंद पडत, अर्धा-अर्धा तास थांबत आष्टीच्या पुढे पोचलो. अडीच अशासाठी, की एकदा मी घाबरून आधीच थांबलो. मग एका वस्तीच्या तोंडाशी ती अशी थांबली की हालेना. बॅटरीही उतरली. दहा वाजून गेले होते.

तेवढ्यात वस्तीतून त्यांची मिरवणूक निघाली. बैलगाडीवर फोटो होता. त्यांच्यातल्या सहादेव नावाच्या कार्यकर्त्याने मला विचारलं, गाडी कुणाच्या लग्नाची? मी सगळं सांगितलं. त्याने मागे जाऊन दोघा-तिघांशी बोलणं केलं, आणि परत येऊन म्हणाला, "पाव्हनं, तुमची गाडी आशीबी हुबीच हाय. भाषनाला स्टेज न्हाई आमाला." मग त्यांनी माझ्या मर्सिडीजला स्टेज केलं. टपावर सतरंजी अंथरली, सावलीला वर ताडपत्री बांधली आणि बॉनेटवर पाय देऊन तीन वक्ते चढले. तिसरा वक्ता माझ्याएवढ्याच वजनाचा होता. टपाला जिथे खड्डा पडला तिथे पुढचा पाऊस साठेल.

मला त्यांनी खीर वाढली. लंकाबाई म्हणून एक म्हातारी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "कुठं निघाला हुता?" म्हटलं, खर्ड्याला, बायको नि पोरीकडे. कधीपासून गेला नाहीस, विचारलं. मी खरं सांगितलं, गेल्या जूनपासून. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "धा म्हयने? आरं, रांगत गेला आस्ता तरी पोचला आस्तास." आणि मला आणखी खीर वाढली.

त्यांनी ढकलून गाडी सुरू करून दिली तेव्हा तीन वाजले होते. तुझ्या गावची मिरवणूक संपलेली असणार होती. मी परत फिरलो, कारण संध्याकाळी तोंड दाखवायची हिंमत नव्हती. रिबन काढून टाकली आहे.

भारती, मला खरंच यायचं होतं.

श्रीमंत


खर्डा,
२० एप्रिल १९९५

जयभीम.

चौदा तारखेला दीपा आणि मी सकाळी साडेआठला स्टँडवर गेलो. गाडी कुठूनही आली तरी तिथूनच वळते. आधी आठ-पन्नासची एसटी आली, मग साडेदहाची, मग साडेबाराची. माणसं उतरत होती. दीपाने निळा फ्रॉक घातला होता. तिसऱ्या बसनंतर ती म्हणाली, चल आई, मिरवणूक निघाली असेल. आम्ही गेलो.

तुमची गाडी का बंद पडते ते आता ऐका.

सलाईनची काचेची बाटली उलटी टांगली आणि नळी लावली, तर चार थेंब पडतात आणि थांबतात. नस बरोबर असते, नळी साफ असते, बाटली भरलेली असते, तरी थांबतात. म्हणून आम्ही रबरी बुचात आणखी एक सुई टोचतो. नुसती हवेसाठी. जेवढं पाणी खाली जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर बाटली ते पाणी सोडतच नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

तुमच्या टाकीचं तेच झालं आहे. उत्तमरावांचा धोतराचा बोळा हवा आत जाऊ देत होता, म्हणून गाडी नेवाशाहून न थांबता आली. तुमचं झाकण हवा जाऊ देत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर डिझेल जळतं, तेवढी टाकी आतून ओढली जाते, आणि मग डिझेल पुढे सरकत नाही. तुम्ही झाकण उघडून आत बघता, तेव्हा हवा शिरते आणि गाडी बरी होते. मग तुम्ही ते परत घट्ट लावता. झाकणाला सुईएवढं भोक पाडा, बाकी गाडीला काही झालेलं नाही.

तुम्ही पंप खोलला, पाइप बदलले, टाकी धुतली, जाळी पुढे घेतली. स्वतः केलेली एक वस्तू तेवढी तपासली नाही.

आता माझी चूक सांगते. हे मला कागदाची पट्टी चिकटली तेव्हाच, मार्चमध्ये कळलं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, गाडी चालली नाही तर कधीतरी कंटाळून हा माणूस एसटीत बसेल. मला राग आला होता तुमचा, आणि तो अजून आहे. पण चौदा तारखेला दीपाचं तोंड बघितलं आणि माझाच मला राग आला. मी सांगितलं असतं तर तुम्ही आला असता. गाडीतून का होईना, आला असता.

इथेच राहण्याचं संमतीपत्र मी भरलं आहे. अजून दिलेलं नाही. शनिवारी एकोणतीस तारखेला दुपारी दवाखान्याचा शिपाई सगळे कागद घेऊन जामखेडला जाणार आहे. मला इथे राहायचं आहे. पण तुम्हाला न विचारता द्यायला हात होत नाही, आणि पत्रातून विचारायचंही नाही.

भारती


खर्डा,
२९ एप्रिल १९९५

भारतीस,

हे पत्र तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. कडूबाईंनी सांगितलं की तू वस्तीवर लसी द्यायला गेली आहेस, दुपारी येशील. तू समोर आलीस की मी पुन्हा गाडीबद्दलच बोलेन, मला माझी सवय ठाऊक आहे. म्हणून तू यायच्या आत लिहून ठेवतो.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं, मग जाऊन झाकण काढलं आणि ते हातात घेऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिलो. सतरा वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझं काम चुकत नाही. ते चुकलं नव्हतंच. फार चांगलं झालं होतं. बन्सीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "वहिनीला गॅरेज टाकून द्या." भोक पाडायला एक मिनिट लागलं. गाडी आता कदाचित खर्ड्यापर्यंत येईल. पण कदाचितवर आज निघायचं नव्हतं. सातच्या बसला बसलो, साडेदहाला उतरलो. वाटेत झोपही लागली.

दारात कडूबाई भेटल्या. "कोन पाव्हनं?" म्हटलं, मी बाईंचा मालक. त्या म्हणाल्या, "बाईला मालक हाय व्हय?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुलूप काढलं आणि चहा पाठवला. साखर भरपूर होती.

तुझं घर बघितलं. दाराची कडी तू सलाईनच्या नळीने बांधली आहेस. ती सरळ रेषेत नाही, चांगली अर्धा इंच तिरकी आहे, आणि दार नीट लागतं. मी असतो तर ती पहिल्या दिवशी काढली असती, लेथवर नवी करायला घेतली असती, आणि वर्षभर तुम्ही दोघी उघड्या दाराच्या घरात राहिला असता. गळक्या कोपऱ्यातली बादली बघितली. छपराचं मी बघतो. आजच बघतो, पत्रा आणि डांबर इथे मिळतं का ते विचारून आलो.

टेबलावर संमतीपत्र होतं, ते वाचलं. त्यात 'कौटुंबिक अडचण' असा एक रकाना आहे आणि पुढे तू 'नाही' लिहिलं आहेस. ते आधी मला लागलं. मग विचार केला, बरोबरच आहे. अडचण व्हायलासुद्धा माणूस घरात असावा लागतो.

माझं मत विचारशील तर ते दे. मला तुम्ही दोघी नगरला हव्या आहात, हे मी खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी अर्ध्या दारातून आडवा आत जातो तेव्हा घर खायला उठतं. पण मी तुला परत ये म्हणत होतो तेव्हा तू कुठून परत येणार हे मला माहीतच नव्हतं. ते आज बघितलं. चहा पिताना कडूबाई तुझ्याबद्दल जे बोलल्या, ते माझ्याबद्दल कंपनीत अजून कुणी बोललेलं नाही. तू इथेच राहा. दीपाची पाचवीही इथेच होऊ दे. दर शनिवारी येईन, हे वाक्य मी नोव्हेंबरपासून लिहितोय, म्हणून या वेळी लिहीत नाही.

शिपाई येऊन दारात उभा आहे, कागद मागतोय. त्याला म्हटलं, बाई येईपर्यंत थांब, त्यांच्या हातून घे. त्याला चहा दिला आहे.

आत्ता दीपा शाळेतून आली. केवढी वाढली आहे. दप्तर न ठेवताच ती परत बाहेर गेली, रस्ता दोन्ही बाजूंनी बघून आली आणि तिने विचारलं, "गाडी कुठंय?" मी म्हटलं, नाही आणली.

"मग तुम्ही कसे आले?"

म्हटलं, एसटीने.

तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "पप्पा, एसटी तर रोज येते."